डायलिसिसच्या खोलीत मास्क ऐच्छिक कसा? राज्य सरकारला खुले पत्र

सोमवार, ४ एप्रिल २०२२

मा. मुख्यमंत्री, मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि राज्याच्या कोविड कृती दलातले डॉक्टर यांना,

स. न. वि. वि.

परवा पाडव्याला सकाळी पावणेसातला मी आणि माझा धाकटा भाऊ डायलिसिस सेंटरच्या दारात उभे होतो. त्याचे वार मंगळ, गुरू, शनि. त्याच्या किडन्या निकामी आहेत. सण असो, संप असो, पाऊस असो, आठवड्यातून तीनदा चार-चार तास रक्त शुद्ध करून घ्यायला त्याला मशीनला लागावंच लागतं. जिन्याखाली वॉचमननं छोटीशी गुढी उभारली होती. वर गेलो तर नेहमीचा टेक्निशियन समोर आला आणि क्षणभर आम्ही दोघांनीही त्याला ओळखलं नाही. दीड वर्षं हा मुलगा माझ्या भावाच्या हातात सुया टोचतोय, पण त्याचा चेहरा आम्ही कधी पाहिलेलाच नव्हता. बारीक मिशी, हनुवटीवर खळी. "ताई, सुटलो बघा एकदाचे," म्हणाला. भाऊ हसला. मास्कच्या आत हसला, पण डोळ्यांवरून मला कळलं. माझ्या कानाशी म्हणाला, "अगं, हा तर पोरगेलाच आहे की."

खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. दोन वर्षांनी माणसाचा अख्खा चेहरा बघायला मिळाला की बरं वाटतंच. तेव्हा पुढचं वाचताना ही कुणी मास्कवेडी बाई आहे असं कृपया समजू नका.

बारा बेडची खोली. खिडक्या आहेत, पण एसीसाठी कायमच्या लावून घेतलेल्या, वरून पडदे. भावाला काट्यावर उभं केलं. अंगात अडीच किलो पाणी चढलेलं, तेवढं काढायचं ठरलं. फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेल्या जागेत, दोन सुया गेल्या, चिकटपट्ट्या लागल्या, पंप फिरायला लागला. एकदा हे झालं की चार तास माणूस बेडला बांधलेला, धड कूसही बदलता येत नाही. दोन वर्षं नातेवाइकांना आत बसू देत नव्हते. परवा तोही नियम निघाला, म्हणून मीही आत बसले, हे कबूल करते. टीव्हीवर गिरगावच्या आणि डोंबिवलीच्या शोभायात्रा चालू होत्या. नऊवारी नेसून बुलेटवर निघालेल्या मुली, ढोलताशे, लेझीम. सगळे डोळे भरून बघत होते.

पावणेआठच्या सुमारास शेजारच्या बेडवरच्या आजोबांचा जावई आला, तो खोकतच. खोकला छातीतून येणारा. स्टूल ओढून बसला तो माझ्या भावापासून दोन हातांवर. मी उठून हळूच म्हटलं, "दादा, जरा मास्क लावता का? इथे सगळे नाजूक पेशंट आहेत." ते म्हणाले, "ताई, सरकारनं काढलाय मास्क. बातम्या बघत नाही का?" दोघंतिघं हसले. मी इन्चार्ज सिस्टरकडे गेले. भली बाई. दुसऱ्या लाटेत स्वतःच्या घरी दोघं आजारी असताना एकही शिफ्ट न चुकवलेली. त्या म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात मी त्यांना सरळ बाहेर काढलं असतं. आता ऑर्डरच नाही हो. कुठल्या तोंडानं सांगू?"

तो जावई वाईट माणूस नव्हता. चारही तास सासऱ्यांचे पाय दाबत बसला होता. तुम्ही जे सांगितलंत ते त्यानं ऐकलं, इतकंच. म्हणून हे पत्र त्याला नाही, तुम्हाला आहे.

३१ मार्चच्या मंत्रिमंडळ बैठकीत तुम्ही कोविडचे सगळे निर्बंध उठवलेत आणि मास्क ऐच्छिक केलात. निर्बंध उठवण्याला माझा विरोध नाही. गेल्या वर्षी १८ एप्रिलला एका दिवसात ६८,६३१ रुग्ण सापडलेलं हे राज्य आज शे-दोनशेवर आलंय. लोकांनी किती दिवस कोंडून घ्यायचं? दुकानं, लग्नं, नाटकं, यात्रा, सगळं सुरू व्हायलाच हवं होतं. माझी तक्रार एवढीच आहे, की दोन वर्षं तुम्ही मास्क चुकीच्या जागी सक्तीचा केलात आणि आता चुकीच्या जागी ऐच्छिक केलात.

हे बोलण्याचा मला काय अधिकार, तेही सांगते. मी ब्लाउज शिवते. मार्च २०२० मध्ये काम बंद पडलं तेव्हा आमच्या बचत गटानं मास्क शिवायला घेतले. तीन पदरी, बाहेरून सुती, आत मांजरपाट, चुण्या तीन. इलास्टिक बाजारातून नाहीसं झालं होतं. मग जुन्या परकरांच्या नाड्या, साड्यांच्या फॉलच्या पट्ट्या, जे हाताला लागेल ते. दिवसाला ऐंशी-नव्वद मास्क मी एकटी काढत होते, पंधरा रुपयांना एक. नाकावर बसावा म्हणून वरच्या शिवणीत फुलं बांधायची तार घालायचे. ती तार धुतली की गंजायची आणि गिऱ्हाईक परत यायचं. मास्क कुठून उघडा पडतो, तो कुणाच्या नाकावरून का घसरतो, दाढीवाल्याला तो का बसत नाही, हे मला कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त कळतं. आणि शिवणारीच सांगते, आमचा तो कापडी मास्क भाजी आणायला ठीक होता, डायलिसिसच्या खोलीत त्याचा फारसा भरवसा नव्हता. पण हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि नंतरही धड कुणी सांगितलं नाही.

दुसरा अधिकार भावाचा. वय ४३, पाच वर्षं डायलिसिसवर. एप्रिल-मे २०२० मध्ये मुंबई परिसरातली कित्येक डायलिसिस सेंटरं बंद पडली, तेव्हा त्याला घेऊन मी किती दारं ठोठावली ते मलाच माहीत. त्याच सप्टेंबरात त्याला कोविड झाला. पॉझिटिव्ह पेशंटसाठी मशीन कुठे आहे हे शोधण्यात चार दिवस गेले. चार दिवस डायलिसिस नाही म्हणजे काय, तर पाय सुजतात, मग चेहरा सुजतो, मग आडवं झोपलं की श्वास लागतो. तो रात्रभर खुर्चीत बसून होता, मी समोर. पाचव्या दिवशी सोय झाली. तो वाचला. त्याच्या शिफ्टमधले चार नंबर बेडवरचे काका त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. आम्ही सेंटरला गेलो तर तिथे दुसरंच कुणी झोपलेलं. चादर बदललेली.

आता तक्रारी.

पहिली, जागेची. ऑक्टोबर २०२० ची गोष्ट. डायलिसिस संपवून भाऊ एकटाच घरी निघाला होता. डायलिसिसनंतर कधी कधी बीपी एकदम खाली जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते. रस्त्याच्या कडेच्या कट्ट्यावर तो बसला आणि मास्क हनुवटीवर ओढून दोन श्वास घेतले. उघडा रस्ता, वारा वाहतोय, दहा हातांत माणूस नाही. मास्क नसला की दंड करणारे पालिकेचे दोन मार्शल आले. हातावरची पट्टी दाखवली, फाइल दाखवली. उपयोग नाही. दोनशे रुपयांची पावती फाडली. रिक्षाचे पैसे त्यातच गेले आणि त्या अवस्थेत तो चालत घरी आला. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे. मार्शलवर माझा राग नाही, त्यांनाही वरून आकडे असणार. पण ज्या दिवशी त्या उघड्या कट्ट्यावर दंड झाला, त्याच दिवशी बारा माणसं, तीन टेक्निशियन आणि दोन सिस्टर बंद खिडक्यांच्या खोलीत चार तास एकच हवा आत-बाहेर करत होते. तिथली एक खिडकी उघडा असं कुणी कधी सांगितलं नाही. आम्ही कुलुपं सॅनिटायझरनं पुसली, दुधाच्या पिशव्या धुतल्या, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवली. हा रोग हवेतून पसरतो असं जगभरातले शास्त्रज्ञ २०२० च्या उन्हाळ्यापासून ओरडून सांगत होते. जागतिक आरोग्य संघटना २०२० च्या मार्चमध्ये तो हवेतून पसरत नाही असं ठासून सांगत होती आणि हे सरळ मान्य करायला तिला २०२१ चा डिसेंबर उजाडला. तिच्या चुकीचं खापर मी तुमच्यावर फोडत नाही. उलट एका गोष्टीचं श्रेय देते. मुंबईत मास्क सक्तीचा झाला ८ एप्रिल २०२० ला आणि जागतिक संघटनेनं सामान्य माणसांना कापडी मास्क वापरायला सांगितलं ५ जूनला. म्हणजे तुम्ही तिच्या दोन महिने पुढे होतात. मग हवेच्या बाबतीत मागे का राहिलात?

दुसरी तक्रार 'ऐच्छिक' या शब्दाची. इच्छा कुणाची? त्या जावयाची इच्छा चालली, माझ्या भावाची नाही. तो उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नव्हता, मंगळवारी नको गुरुवारी येतो असंही म्हणू शकत नव्हता. आपला मास्क तो लावून होताच. लोक म्हणतात मास्कनं जीव गुदमरतो, घसा सुकतो. खरं आहे. त्याला तर दिवसाला लिटरभरच पाणी पिता येतं, त्यात चहा, आमटी, गोळीबरोबरचे घोट सगळं आलं. घसा सुकला तरी घोटभर पाणी प्यायची मुभा नसलेला माणूस चार तास एन-९५ लावून पडून राहतो, आणि खोकणाऱ्याला तीन पदरी मास्कसुद्धा नको असतो.

आणि नियमांचं म्हणाल तर त्या खोलीत नियम कमी आहेत का? हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटचं मशीन वेगळं असतं. सुई टोचताना हातमोजे घालतात, प्रत्येक पेशंटला नवे. पाण्याची तपासणी होते. दर काही महिन्यांनी सगळ्यांचं रक्त तपासतात. यातलं काहीही 'ऐच्छिक' नाही आणि त्याला कुणी स्वातंत्र्यावरचा घाला म्हणत नाही. रक्तातून जाणाऱ्या रोगाला नियम, आणि श्वासातून जाणाऱ्याला आवाहन, हे कसं?

जानेवारीच्या अखेरीस मंत्रिमंडळात युरोपातल्या देशांनी मास्क कसा काढला याची चर्चा झाल्याचं आम्ही वाचलं. मग पुढचंही वाचायचं होतं. इंग्लंडनं २७ जानेवारीला दुकानांतला, बसगाड्यांतला कायद्याचा मास्क काढला, पण रुग्णालयं आणि दवाखाने त्यातून वगळले. तिथे पेशंटला भेटायला जाणाऱ्यानं मास्क लावायचा, हे चालू राहिलं. दुकानाची गोष्ट वेगळी आणि वॉर्डाची वेगळी, एवढाच त्यांचा हिशेब होता. आपल्याला तो जमत नव्हता असंही नाही. गेल्या २७ नोव्हेंबरच्या तुमच्या आदेशात रुमाल म्हणजे मास्क नव्हे, इतकं बारीक लिहिलं होतं. रुमालापर्यंत पोचलेली लेखणी मार्चअखेरीस रुग्णालयाच्या दारात का थांबली नाही?

केंद्रानंही आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे निर्बंध ३१ मार्चनंतर नकोत असं कळवताना मास्क आणि हात धुण्याच्या सूचना चालू राहतील असं म्हटलं होतं. तुमच्या निर्णयातही लोकांना आवाहन आहे, हे मी बघितलं. पण आवाहन दाखवून आमची सिस्टर कुणाला बाहेर काढू शकत नाही.

तिसरी तक्रार लसीची. ती तुमच्या एकट्यांच्या हातात नाही, म्हणून थोडक्यात. प्रिकॉशन डोस, म्हणजे लसीचा तिसरा डोस, १० जानेवारीपासून आजारी ज्येष्ठांना सुरू झाला आणि १६ मार्चपासून साठीवरच्या सगळ्यांना. माझा शेजारी ६२ वर्षांचा, रोज पहाटे टेकडी चढतो, त्याला मिळाला. माझा भाऊ ४३ चा. किडन्या निकामी, लशीचा असरही अशा शरीरावर कमीच होतो असं डॉक्टर सांगतात, पण त्याचा नंबर नाही. वय मोजता येतं म्हणून वय मोजलं. म्हणजे तिसरा डोस नाही, समोरच्याचा मास्क नाही आणि खिडकीही बंद.

चौथी तक्रार तुम्हा सगळ्यांची मिळून, सत्तेतल्यांची आणि सत्तेबाहेरच्यांची. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी आठवा. २१ तारखेला मुख्यमंत्र्यांनी टीव्हीवरून 'मी जबाबदार' मोहीम सांगितली. २३ ला पोहरादेवीला एका मंत्र्यांच्या दौऱ्यात ही गर्दी लोटली. २७ ला, मराठी भाषा गौरव दिनी, शिवाजी पार्कवर एका पक्षाचे अध्यक्ष मास्क न लावता आले आणि आपण तो लावत नाही असं कॅमेऱ्यासमोर सांगून गेले. एकाच आठवड्यात तिन्ही. त्या आठवड्यात आमच्याकडे मास्क घ्यायला येणाऱ्या बायका म्हणायला लागल्या, "मोठी माणसं लावत नाहीत, आम्हीच का?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. शंभर वर्षांपूर्वीच्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोतही मास्कवरून अशीच जुंपली होती. तिथे मास्कविरोधकांनी चक्क संघटना काढली. तिथला महापौर मुष्टियुद्धाच्या सामन्याला बिनमास्कचा सापडला तेव्हा त्यालाही पन्नास डॉलर दंड झाला. आपल्याकडे अशी पावती कुणा मोठ्याच्या नावानं फाटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पाचवी, दंडाच्या पैशांची. राज्यभर कोट्यवधी रुपये गोळा झाले. कुठे गेले? त्यातून किती मास्क वाटले गेले? २०२० च्या ऑक्टोबरात तुम्हीच भाव बांधून दिले होते, तीन पदरी सर्जिकल मास्क, मेडिकलमध्ये मिळतो तो, चार रुपयांपर्यंत. माझ्या भावाच्या दोनशे रुपयांत पन्नास मास्क आले असते. तेवढा जमाखर्च लावून दाखवा.

ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारानं हे सगळं झालं, त्याचा जन्म मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा. पुण्यात रँडच्या हाताखाली घरं तपासताना जी दांडगाई झाली, ती शाळेत आपण सगळे शिकलो. रोग हटवायचा म्हणून माणसाचा अपमान केला की माणूस रोगापेक्षा हटवणाऱ्यावर जास्त चिडतो. मार्शलच्या पावतीनं मास्कच्या बाबतीत तेच केलं. आज जे लोक मास्क दिसला की हसतात, त्यातले निम्मे मास्कवर चिडलेले नाहीतच, ते त्या पावतीवर चिडलेले आहेत. हे माझं मत. पण गेली दोन वर्षं मी मास्क विकत होते, आणि गिऱ्हाईक दुकानात काय बोलतं ते मी ऐकलेलं आहे.

म्हणून मास्कविरोधकांशीही दोन शब्द. तुमचं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. आमच्या इमारतीत एक मूकबधिर मुलगी आहे. समोरच्याच्या ओठांवरून तिला बोलणं कळतं, आणि ही दोन वर्षं तिच्यासाठी जग मुकं झालं होतं. उन्हात पाट्या वाहणाऱ्या बाईला मास्क लावा म्हणणं मलाही कधी जमलं नाही. गाडीत एकटा बसलेल्या माणसाला दंड करणं हा तर शुद्ध वेडेपणा. 'मास्कनं काही होत नाही' यावर मात्र थोडं थांबा. बांगलादेशात ६०० गावांत, साडेतीन लाखांच्या आसपास प्रौढ माणसांवर याचा मोठा अभ्यास झाला. मास्क वाटलेल्या गावांत मास्क लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले, आणि तेही दंड न करता. फुकट मास्क, रस्त्यात गोड बोलून आठवण, आणि गावातल्या मानाच्या माणसांनी स्वतः लावून दाखवणं, यावर सगळं झालं. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसकट होणारा कोविड ११ टक्क्यांनी कमी झाला, साठीवरच्यांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. ते वाचून मी दोन दिवस शिलाई मशीनपाशी गप्प बसून होते. हजारोंनी मास्क शिवलेत मी.

अकरा टक्के म्हणजे चमत्कार नाही, मान्य. पण तो सबंध गावाचा हिशेब आहे, त्यातही निम्म्याहून जास्त लोकांनी मास्क लावलाच नव्हता. बारा बेडच्या बंद खोलीत, जिथे प्रत्येक जण ठरल्या वेळी ठरल्या बेडवर येतो आणि दारात एक सिस्टर उभी आहे, तिथे सगळ्यांना मास्क लावायला लावणं सगळ्यात सोपं, आणि फायदाही तिथेच सगळ्यात जास्त. बाजारात लावू नका. रस्त्यावर तर नकोच. शोभायात्रेत नाचा, माझ्या वाटचंही नाचा. इथे तेवढा लावा.

माझ्या मागण्या अशा.

सरकारी, पालिकेच्या आणि खासगी सगळ्या रुग्णालयांत, डायलिसिस सेंटरांत, केमोथेरपीच्या खोल्यांत, टीबीच्या ओपीडीत, आयसीयूत, आत येणाऱ्या प्रत्येकानं तीन पदरी सर्जिकल किंवा एन-९५ मास्क लावावा असा लेखी आदेश काढा. डॉक्टर, टेक्निशियन, नातेवाईक, आणि पाहणीला आलेले पुढारीसुद्धा. तो आदेश मोठ्या मराठी अक्षरांत दारावर लावायला सांगा, म्हणजे सिस्टरला तोंड उघडावंच लागणार नाही.

दंड नको. एक रुपयाही नको. दारात मास्कचा खोका ठेवा, ज्याच्याकडे नाही त्यानं त्यातून घ्यावा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत सरकार डायलिसिसचे पैसे भरतंच. त्यात दर खेपेला दोन मास्क, एक पेशंटचा आणि एक सोबत्याचा, म्हणजे आठ रुपये वाढवा. बहिरा पेशंट असेल, लहान मूल असेल, श्वास लागलेला माणूस असेल, तर सिस्टरला तारतम्य वापरू द्या. ते तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

डायलिसिस सेंटरला परवानगी देताना आणि योजनेत घेताना पाण्याची तपासणी करता तशी हवेचीही करा. किती खिडक्या उघडतात, एक्झॉस्ट पंखा आहे का, तो चालू असतो का. आमच्या सेंटरला पंखा आहे. त्याच्या पात्यांवर कबुतराचं घरटं आहे.

वय न बघता किडनी, कॅन्सर आणि अवयव बदललेल्या रुग्णांना प्रिकॉशन डोस फुकट मिळावा, असं केंद्राला लेखी कळवा आणि ते पत्र लोकांपुढे ठेवा.

दंडाच्या रकमेचा जिल्हावार हिशेब जाहीर करा.

आणि एक मागणी, जिला पैसा लागत नाही. मुख्यमंत्री पुढच्या वेळी टीव्हीवर येतील तेव्हा त्यांनी एवढंच सांगावं, की कुणी मास्क लावलेला दिसला तर त्याला हसू नका, त्याच्या घरी कुणीतरी आजारी असेल. दोन वर्षं घराघरात लोक त्यांचं बोलणं बसून ऐकत होते. आजही ऐकतील.

या राज्यात कोविडनं एक लाख सत्तेचाळीस हजारांहून अधिक माणसं नेली. त्या आकड्यात चार नंबरवरचे काका आहेत का, कुणास ठाऊक. त्यांच्या सर्टिफिकेटवर कारण 'किडनी निकामी' असं लिहिलंय, असं त्यांच्या मुलीनं सांगितलं.

उद्या मंगळवार. सातची शिफ्ट. आज दुपारी मेडिकलमधून तीन पदरी मास्कचा पन्नासचा खोका आणलाय, दोनशे रुपये झाले. उद्या तो सेंटरच्या दारात, चपलांच्या रॅकवर ठेवणार आहे. शेजारी पुठ्ठ्यावर स्केचपेननं 'घ्या' एवढंच लिहिलंय. पन्नास मास्क त्या सेंटरला दोनेक दिवस पुरतील. त्यापुढचे तुम्ही ठेवायचे आहेत.

उत्तराची वाट बघतेय.

आपली,
मंगळ-गुरू-शनि, सकाळची शिफ्ट, बेड नंबर सातच्या पेशंटची बहीण